म्यानाच्या शिवणीत लपवलेली फसवणूक : चामड्याच्या म्यानाची ऑर्डर देण्याआधी हे वाचाच

मी हाताने सुऱ्या बनवतो, हाय कार्बन स्टीलच्या, आणि म्यानं बाहेरून करून घेतो कारण चामड्याच्या कामाला वेगळाच हात लागतो. यावेळी ज्याने म्यानं करून दिली त्याचं नाव घेत नाही, पण त्याने गंडवलं कसं ते नीट सांगतो, कारण यात नुसते पैसे जात नाहीत, माणसाचं बोट जाऊ शकतं.

ठरलं होतं ते असं, व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं, जाडी साडेतीन मिलिमीटर, आत पूर्ण लांबीची वेल्ट आणि हाताची सॅडल शिलाई (या दोन्ही काय ते पुढे सांगतो). सॅम्पल एक नंबर आलं. सुरी घालून म्यान उलटं धरलं, जोरात हलवलं तरी सुरी हलली नाही. मग चामडं एकदम उचलायचंय म्हणून त्याने सगळे पैसे आधी मागितले, सॅम्पल बघून मी दिले. लॉट आला तो दिसायला अगदी सॅम्पलसारखाच, सुऱ्या घालून गिऱ्हाइकांकडे रवाना पण झाल्या.

पुढे एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला की सुरी म्यानात घालताना पात्याचं टोक शिवणीतून आरपार बाहेर आलं आणि म्यान धरलेल्या हाताच्या बोटात घुसलं, टाके घालावे लागले. वाचून हात थरथरायला लागले माझे. लगेच उरलेल्यातलं एक म्यान घेतलं आणि शिवणीवरून कापून उघडलं.

आता वेल्ट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्यानाच्या दोन थरांच्या मधे धारेच्या बाजूला चामड्याची एक पट्टी घालतात आणि टाके त्या पट्टीतून जातात, म्हणजे धार पट्टीवर टेकते आणि दोऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्यानात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ही पट्टी. माझ्या लॉटमधे ती फक्त तोंडाशी होती, बोटाच्या पेरभर तुकडा चिकटवलेला. वरून डोकावलं की वेल्ट दिसणार, खाली टोकापर्यंत काहीच नाही, दोन थर थेट एकमेकांना शिवलेले. आणि बाहेरून कडेला थर मोजता येऊ नयेत म्हणून काळ्या चकचकीत एज पेंटचा जाड लेप. हे चुकून झालेलं नाही, ठरवून केलंय. सॅम्पलची कड नुसती घासून गुळगुळीत केलेली होती, तिथे तिन्ही थर स्वच्छ दिसत होते.

शिलाईही मशीनची. सॅडल शिलाईत एकाच दोऱ्याची दोन टोकं दोन सुयांनी प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनच्या टाक्यात वरचा खालचा दोरा एकमेकांत अडकवलेला असतो, एक तुटला की शेजारचे सैल पडत जातात. धारेशेजारी हे चालतच नाही.

चामडं कापलं तर मधोमध निळसर राखाडी, म्हणजे क्रोम टॅन, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, वरून तपकिरी रंग दिलेला. क्रोमने साधारण दिवसाभरात चामडं तयार होतं, सालीने कमवायला कित्येक आठवडे जातात, म्हणून क्रोमचं स्वस्त पडतं. बॅगेला, जॅकेटला क्रोम टॅन उत्तमच, पण ओलं करून सुरीच्या आकारावर दाबून बसवलं की व्हेज टॅन तसंच कडक वाळतं आणि क्रोम टॅन मऊच राहतं, मग पातं आत भलतीकडे वळतं आणि टोक शिवणीत शिरतं. शिवाय त्यातल्या क्षारांनी कार्बन स्टीलला गंज चढतो, माझ्याकडच्या एका पात्यावर ठिपके पडायला लागले होते.

त्याला फोटो पाठवले तर आधी म्हणे तुमची सुरीच जास्त धारदार आहे, मग म्हणे हातकामात थोडाफार फरक येणारच, मग ब्लॉक. पैसे बुडाले ते बुडाले. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवून म्यानं परत मागवली आणि नवीन करून दिली.

आता मी ऑर्डर देतानाच लिहून घेतो की लॉटमधलं कुठलंही एक म्यान मी कापून बघणार आणि उरलेले पैसे त्यानंतर. कडेला पेंट नको, नुसती घासलेली कड द्या असंही सांगतो, प्रामाणिक कारागीर याला कधी नाही म्हणत नाही, उलट खूश होतो. म्यान न कापता बघायचं असेल तर एक पातळ बोथट पट्टी धारेच्या बाजूने तोंडापासून टोकापर्यंत सरकवा, वेल्ट असेल तर सगळीकडे सपाट भिंत लागते, नसेल तर पट्टी दोन थरांच्या खाचेत रुतत जाते आणि टाके खाली लागतात.

ज्यांच्याकडे अशी म्यानं आधीच आली असतील त्यांनी सुरी आजच बाहेर काढा, तेलाचा हात फिरवून वेगळी ठेवा, चांगल्या व्हेज टॅनच्या म्यानातही कार्बन स्टील महिनोन्महिने ठेवायचं नसतंच. आणि काढताना घालताना म्यान कधीही मुठीत धरू नका, शिवणीच्या बाजूला एकही बोट येता कामा नये, दोन्ही सपाट बाजूंनीच धरा.