युरियाचं क्रीम, आठ महिने: डावी टाच बरी झाली, उजवीचं कारणच वेगळं निघालं

नागपूरच्या महाल भागात माझी छोटी मेस आहे. रोजचे साठ डबे. पहाटे साडेचारला ओट्यापुढे उभी राहते ती साडेअकराला डबे गेल्यावरच बसते. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, म्हणून हे सात तास अनवाणी, शहाबादी फरशीवर, आणि भांडी घासताना पायांवर साबणाचं पाणी. टाचा फुटणं म्हणजे बाईच्या जातीला असायचंच, असं आमच्या घरात धरून चालतात. दिवाळीनंतर मात्र टाचा इतक्या उलल्या की साडीचा फॉल त्यांत अडकून उसवू लागला. रात्री कूस बदलताना चादरीचा धागा भेगेत ओढला गेला की डोळ्यांत पाणी यायचं. नोव्हेंबर ते जून या काळात काय लावलं आणि त्याचं काय झालं, ते सगळं लिहिते.

आधीचे उपाय थोडक्यात. खोबरेल तेलात मेण वितळवून भेगांत भरायचं, हा आईचा उपाय. ठणका कमी होतो, पण दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभं राहिलं की भेग तिथेच पुन्हा उघडते. रत्नागिरीच्या मैत्रिणीने कोकम तेलाची वडी पाठवली होती. ती खरंच चांगली आहे, हाताच्या उबेने विरघळते आणि पायावर टिकते. पेट्रोलियम जेलीही तशीच. पण या दोन्ही गोष्टी पायात आहे तेवढा ओलावा आत कोंडून ठेवतात. माझ्या टाचेवर जी जाड, पिवळट कड आली होती, तिच्यावर त्यांचा काहीच जोर चालला नाही. मग सासूबाईंची वज्री घेतली आणि कोरड्या टाचेवर जोरात घासली. दोन दिवस गुळगुळीत वाटलं, आठव्या दिवशी कातडी पहिल्यापेक्षा जाड. घासलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते, हे मला नंतर कळलं.

युरियाचं क्रीम एका गिऱ्हाइकाने सुचवलं. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, परिचारिका आहे ती. नाव ऐकून मी दचकलेच, युरिया म्हणजे आपल्याला शेतातलाच माहीत. पण आपल्या कातडीत ओलावा धरून ठेवणारे जे घटक असतात, त्यांत युरिया मुळातच असतो. तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेलाच्या ग्रंथी अजिबात नाहीत. म्हणून चेहरा तेलकट असलेल्या माणसाच्याही टाचा फुटतात. १० टक्क्यांच्या आसपासचा युरिया पाणी धरून ठेवतो, २० टक्क्यांच्या पुढे तो मेलेली जाड कातडी सैल करू लागतो. ट्यूबवर टक्के लिहिलेले असतात, ते बघून घ्या. मी टाचेच्या कडेला २५ टक्क्यांचं आणि बाकी तळव्याला १० टक्क्यांचं वापरलं.

पहिला अनुभव वाईट होता. रक्त येणाऱ्या भेगेवर ते असं चरचरलं की मी पाय नळाखाली धरला. परिचारिका म्हणाली, "ताई, उघड्या भेगेला आधी पाच-सहा दिवस नुसती जेली. ती भरून आली की मग हे." तसं केलं तर पुन्हा त्रास झाला नाही. लावायची वेळ मात्र चुकवून चालत नाही. आंघोळ झाली की पाय टिपायचे, खसाखसा पुसायचे नाहीत, आणि कातडी ओलसर आहे तोवर क्रीम. दुसऱ्यांदा झोपताना, वरून जेलीचा पातळ थर आणि सुती मोजे. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढी एका तळव्याला पुरते. दोन पाय, दोन वेळा, म्हणजे दिवसाला २ ग्रॅम. ५० ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपते. माझी तीन महिने पुरली असती तर मी समजले असते की मी लावतच नाहीये. खर्च आहे, तो धरूनच सुरुवात करा. आणि क्रीम लावलेल्या पायाने फरशीवर चालू नका. मी एकदा हातात वरणाचं पातेलं घेऊन घसरले, भिंतीचा आधार मिळाला म्हणून वाचले. त्या दिवसापासून मोज्यांशिवाय उठत नाही.

तीन आठवड्यांत डाव्या टाचेची कड मऊ पडली. दीड महिन्यात भेगा मिटल्या. बोट फिरवलं तर कुठे अडकेना.

उजवी टाच तशीच. दोन्ही पायांना क्रीम तेच, फरशी तीच, पाणी तेच, मग एकच पाय का ऐकत नाही? उजव्या तळव्यावरच्या रेघांत पांढरी भुकटी बसलेली दिसायची. मी रोज पंधरा किलो कणीक मळते, मला वाटायचं पीठच सांडलंय. एका रविवारी, मेसला सुट्टी होती तेव्हा, आंघोळीनंतर उन्हात बसून पाय पाहिला. पीठ कुठून येणार? भुकटी रेघांतूनच सुटत होती, पायाच्या कडेने बुटाच्या काठासारखी वर चढली होती, आणि अंगठ्याचं नख पिवळं, भुसभुशीत झालं होतं. खाज अगदी थोडी, म्हणून कधी लक्षच गेलं नव्हतं.

इथे माझी चूक झाली. घराजवळच्या एका औषधाच्या दुकानात पाय दाखवला, त्याने "सगळ्यावर चालतं" म्हणून एक ट्यूब दिली. तीन दिवसांत पाय गुलाबी, स्वच्छ. महिनाभर लावली. थांबवल्यावर पंधरा दिवसांत सगळं परत, आणि आता उजव्या हाताच्या तळव्यावरही. या मिश्रण मलमांत जोरदार स्टेरॉइड असतं. ते सूज आणि लाली दाबतं, खाली बुरशी असली तर ती निवांत वाढत राहते. मला कोणी हे आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून इथे ठळक सांगते: ट्यूबवरच्या नावांत शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेली दोन-तीन औषधं एकत्र दिसली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

शेवटी फेब्रुवारीत त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पायाला हात लावण्याआधी दोन्ही हात पुढे करायला सांगितले. पायाबरोबर एकाच हातावर असा कोरडेपणा दिसला की त्यांना आधी बुरशीचाच संशय येतो. बोथट पात्याने भुकटी खरवडून काचेवर घेतली, वर कास्टिक पोटॅशचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशीच निघाली. जाड कातडीतून नुसतं मलम पोचत नाही, म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या मनाने घ्यायच्या नसतात. घरातल्या पाच माणसांत न्हाणीची चप्पल एकच होती. ती टाकली आणि प्रत्येकाची वेगळी आणली. मोजे गरम पाण्यात धुऊन गच्चीवर कडक उन्हात.

त्यांनी साखर आणि थायरॉइडही तपासायला लावलं. थायरॉइड मंदावलं तर सगळ्या अंगाची कातडी खरखरीत होते. माझं दोन्ही ठीक निघालं. सोरायसिस, इसब, चपलेच्या रबराची अॅलर्जी, यांतही तळवा असाच दिसू शकतो, असं त्या म्हणाल्या.

आता सासूबाईंचं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच भागाची आहे. त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह. माझं पाहून त्यांच्याही पायांना क्रीम लावायला बसले तर टाचेत करंगळीचं नख जाईल एवढी भेग, आत वाळलेलं रक्त. मी विचारलं, "आई, हे कधीपासून? दुखत नाही का?" त्या म्हणाल्या, "मले तं काहीच नाही दुखून राहिलं." दुखत नाही हेच वाईट आहे, हे मला डॉक्टरांकडे कळलं. साखरेने पायाच्या नसा मंदावतात, तळव्याला घाम येणं थांबतं म्हणून तो कोरडा पडतो, आणि त्याच नसांमुळे भेग पडलेली कळत नाही. डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून "कळतं का?" असं डोळे मिटायला लावून विचारलं. दहापैकी चार ठिकाणी त्यांना कळलं नाही. त्यांना वज्री बंद, पाते बंद, गरम पाण्यात पाय सोडणं बंद, कुरुपाची सॅलिसिलिक आम्लाची पट्टी तर मुळीच नाही. क्रीम १० टक्क्यांचंच, आणि बोटांच्या बेचक्यांत अजिबात लावायचं नाही, तिथे ओल राहिली की कुजतं. रोज रात्री मी त्यांच्या पायाखाली हातआरसा धरते.

नागपूरच्या हवेबद्दल. माझ्या टाचांना मे महिन्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी जास्त जड गेले. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर कितीही होरपळ असली तरी घरात कूलर असतो, त्याची हवा ओलसर. थंडीत हवा कोरडी ती कोरडी, वर आपण कढत पाण्याने आंघोळ करतो. मी पाणी कोमट केलं आणि पाय बोअरच्या जड पाण्याऐवजी नळाच्या पाण्याने धुऊ लागले, साबण बोअरच्या पाण्यात नीट निघत नाही. जास्त पाणी पिण्याने माझ्या टाचांना काही फरक पडला नाही.

स्वयंपाकघरातल्या चपलेवरून घरात आठवडाभर अबोला होता. मागून उघडी, सपाट चप्पल असली तर वजनाने टाचेची गादी बाजूला पसरते आणि कड फाटते, म्हणून मागे पट्टा असलेली रबरी, जाड तळाची जोडी हवी होती, आणि ती फक्त स्वयंपाकघरातच घालायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "घाल वो, अन्नपूर्णा काही पायाकडे नाही पाहत." आता त्यांच्यासाठीही तशीच आणली आहे.

आज जूनच्या दुसऱ्या आठवड्यात: डावी टाच पूर्ण बरी, आठवड्यातून तीनदा क्रीम पुरतं. उजव्या तळव्यावरची भुकटी गेली, हातही साफ. अंगठ्याचं नख मुळाकडून साधारण चार मिलिमीटर स्वच्छ आलं आहे, पुढचं अजून पिवळं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, असं डॉक्टर म्हणाल्या. सासूबाईंची भेग भरली आहे, आरसा चालू आहे.