सीएमएफ फोन १: बरेच महिने वापरल्यावर

हा फोन घेतला तो त्याची पाठ उघडता येते म्हणून. बाजारात आला तेव्हा १५,९९९ रुपयांपासून सुरू होणारा फोन. त्या पैशांत कागदावर याहून भारी दिसणारे ढीगभर होते. पण पाठीवर उघडे स्क्रू आणि खाली कोपऱ्यात गोल चकती, असला प्रकार दुसरं कुणी विकत नव्हतं.

काळी पाठ होती, नंतर नारिंगी मागवली. चकती फिरवून काढायची, स्क्रू सोडवायचे, नखाने कड उचलायची. स्क्रू एवढे बारीक की गादीवर पडला तर गेलाच, त्यामुळे हे काम ताटात ठेवून करा. आत बॅटरी दिसते, पण ती काढायची सोय नाही, तेवढी आशा ठेवू नका. चकतीच्या जागी स्टँड बसतो. आई भाकऱ्या थापताना ओट्यावर फोन त्यावर उभा करून कीर्तन लावते. पिठाचे हात फोनला लागत नाहीत, ही तिच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सुधारणा. स्पीकर मात्र एकच, तव्याच्या आवाजात कीर्तनकार हरवतात.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. ५००० एमएएचची बॅटरी माझ्या वापरात रात्रीपर्यंत पुरते. डायमेन्सिटी ७३०० ही चिप रोजच्या कामाला भरपूर. दिवसा फोटो छान. खोक्यात चार्जर नाही, एनएफसी (फोन टेकवून पैसे द्यायची सोय) नाही. पैसे कुठे वाचवलेत ते लगेच कळतं.

आणि कुठे घातलेत तेही. सीएमएफ हा लंडनच्या ‘नथिंग’चा स्वस्तातला ब्रँड. वनप्लसचा सहसंस्थापक कार्ल पेई २०२० मध्ये तिथून बाहेर पडला आणि त्याने ही कंपनी काढली. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांत ॲपलचा आयपॉड घडवणारे टोनी फॅडेल होते. २०२१ मध्ये आधी पारदर्शक इअरबड्स आणले, फोन थेट २०२२ मध्ये, पाठीवर दिवे लावून. कॅमेरा आणि चिपच्या शर्यतीत सॅमसंगसारख्यांना गाठणं नवख्याला परवडत नाही. दिसण्यात वेगळं होणं परवडतं. २०२३ मध्ये सीएमएफ आणून तोच डाव त्यांनी कमी किमतीत खेळला. माझ्या मते कंपनी वर आली ती यावरच, तंत्रज्ञानाच्या जोरावर नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने २० कोटी डॉलर उभे केले, तेही १.३ अब्ज डॉलर मूल्यांकनाने. त्याच सुमारास सीएमएफचं बस्तान भारतात हलवून ऑप्टिमस या भारतीय कंपनीसोबत इथे उत्पादनाचा करारही जाहीर केला.

गंमत म्हणजे सीएमएफच्याच २०२५ च्या फोन २ प्रोमध्ये तीन कॅमेरे आले, पण अशी बदलता येणारी पाठ गेली. स्टँड वगैरे जोडायला वेगळं कव्हर चढवावं लागतं. फोन म्हणून तो सरस असेल, पण मला त्यात माझ्या फोनची खोड दिसत नाही. कंपनी मोठी झाली की असल्या खोडी आधी कापल्या जातात, अशी शंका येते.

आता हा पहिला फोन कुठे स्वस्तात दिसला तर जास्तीच्या पाठी अजून मिळतात का, ते आधी बघा. आणि जुलै २०२४ ला आला तेव्हा अँड्रॉइडचे अपडेट दोन वर्षांचे आणि सुरक्षेचे तीन वर्षांचे सांगितले होते, तो हिशेब घालूनच भाव करा.