गुलाबी दिसलं म्हणून पाण्याच्या लाइनमध्ये भरू नका

नागपुरात थंडीने पाइप फुटत नाहीत. त्यामुळे पाण्याच्या लाइनच्या अँटीफ्रीझची, म्हणजे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून आत भरायच्या द्रवाची, इथे फारशी कुणाला ओळख नाही, आणि नेमकं हेच विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. हिवाळाभर मनालीला उभ्या राहणाऱ्या एका कॅम्पर व्हॅनला (आत राहण्याची, नळ-गिझरची सोय असलेल्या गाडीला) शहरातल्या दुकानदाराने 'फूड ग्रेड' म्हणून गुलाबी कॅन दिले. वरचं स्टिकर सोललं तर खाली रेडिएटर कूलंटचं लेबल, घटक इथिलीन ग्लायकॉल. विचारल्यावर उत्तर काय, तर "भाऊ, गुलाबी म्हणजे सेफच."

रंग कुणीही घालू शकतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि किडनीसाठी घातक. पिण्याच्या लाइनला प्रॉपिलीन ग्लायकॉलच हवं. कॅनवर सीएएस नंबर, म्हणजे रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक, बघा: 57-55-6 असेल तर घ्या, 107-21-1 असेल तर परत करा.

दुसरी लबाडी पाणी मिसळण्याची. तयार मालात प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण 30 टक्के असतं. उणे 13 अंशांच्या आसपास त्याचा भुगा-बर्फ होतो, पण पाइप फुटत नाही. तेच निम्मं पाणी घातलं की उणे 5 लाच गोठायला लागतं. मग पंपाचं हेड आणि शॉवर मिक्सर आधी तडकतात. वाटीभर माल रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. चमचा रुतला पाहिजे. दगड झाला तर पाणी मारलेलं आहे. मात्र विषारी मालही या परीक्षेत पास होतो, म्हणून लेबल आधी.

तिसरी खोट बिलात सापडते. गिझरला बायपास (गिझर वगळून पाणी पुढे नेणारी जोडणी) न लावता भरलं, तर 20 लिटरच्या टाकीत 20 लिटर माल फुकट जातो. गिझर थंड करून रिकामा करा, बायपास फिरवा, फिल्टरचं कार्ट्रिज काढा, पंपाची सक्शन नळी थेट कॅनमध्ये सोडा. मग एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी येईपर्यंत उघडा. शॉवर आणि फ्लश विसरू नका. सिंकच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या पाणी साठणाऱ्या वाकड्या पाइपात, कपभर वेगळं ओता. लहान व्हॅनला एवढ्यात 8 ते 12 लिटर पुरतात. 30 लिटरचं बिल आलं तर हिशेब मागा.

चुकीचा माल गेलाच असेल तर त्या लाइनचं पाणी पिऊ नका, नुसतं धुऊन भागत नाही. पाइप आणि फिल्टर बदला, निघालेला माल कॅनमध्येच साठवा. गटारात किंवा जनावरांच्या वाटेत ओतू नका. बिलावर 'प्रॉपिलीन ग्लायकॉल' लिहून घेतलेलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टिकते.