नाकाने फुगवायचा फुगा: कानातल्या पाण्यासाठी काही महिने वापरल्यावर

कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेल्या मुलांसाठी मिळणारी ही वस्तू म्हणजे नाकपुडीत बसणारं प्लास्टिकचं टोक आणि त्यावर चढवायचा लेटेक्सचा फुगा. बस, एवढंच. उपयोग आहे, पण फुंकर खरंच नाकातून गेली तरच.

आधी नाक शिंकरून मोकळं करायचं. टोक एका नाकपुडीत घट्ट बसवायचं, दुसरी बोटाने दाबायची, ओठ मिटायचे आणि नाकाने फुंकायचं. फुगा मोठ्या संत्र्याएवढा झाला की पुरे. मग दुसरी नाकपुडी. दिवसातून तीन वेळा. नाकामागे दाब वाढला की तिथून मध्यकर्णाकडे (पडद्यामागच्या पोकळीकडे) जाणारी नळी उघडते, हवा आत शिरते आणि पाण्याला निचरा मिळतो. कानात ‘टक्’ झालं तर उत्तम, नाही झालं तरी चालू ठेवावं.

गडबड बहुतेक दोन ठिकाणी होते. नवा फुगा कडक असतो, मूल दमतं आणि तोंडाने फुंकू लागतं. म्हणून तो आधी मोठ्यांनी ताणून, एकदोनदा फुगवून द्यावा. दुसरी चूक लक्षातच येत नाही: रोजच्या वापराने रबर सैल पडतं. मूल मजेत फुगवतं, आपण खूश, आणि नळी उघडण्याइतका दाब मात्र तयारच होत नाही. सहज फुगायला लागला की फुगा बदला. इथे काटकसर नको.

परिणाम किती? ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या ३२० मुलांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. महिन्याभराने फुगा वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के मुलांचा टिम्पॅनोग्राम (पडद्याच्या हालचालीचा आलेख; पाणी असलं की त्याची रेषा सपाट येते) सुधारला होता, न वापरणाऱ्यांत ३६. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार नाही. बऱ्याच मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआपच ओसरतं. म्हणून ‘आता ऐकू येतं’ एवढ्यावर समाधान मानू नये. ऐकणं दिवसागणिक कमीजास्त होतं. सपाट रेषेला पुन्हा शिखर आलं का, ते टिम्पॅनोग्रामवरच कळतं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी हे पाणी जात नाही, त्यांच्या नादी लागू नका.

कान ठणकत असेल, ताप असेल, नाकातून रक्त येत असेल तर फुगा बाजूला ठेवा. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर वापरूच नका. तीन वर्षांखालच्या मुलांना तंत्र जमत नाही, शिवाय रबर घशात अडकण्याची भीती. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकू कमी येत असेल, किंवा बोलणं मागे पडलं असेल, तर ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) किंवा श्रवणयंत्राचा विचार कान-नाक-घसा तज्ज्ञांसोबत करावा. फुग्यापायी तो लांबवू नये.

मोठ्या माणसांनाही सर्दी किंवा विमानप्रवासानंतर दडे बसले तर हा फुगा चालतो. पण सर्दी नसताना एकाच कानात पाणी टिकून राहिलं, तर फुगवत बसू नका; नाकामागची जागा दुर्बिणीतून तपासून घ्या. तिथली गाठ नळीचं तोंड दाबत असू शकते.