काटा मधोमध, गाडी कडेला: ट्यूनिंग बॉक्सचे आठ महिने

पहिल्या महिन्यात, डिझेल इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या या ट्यूनिंग बॉक्सचं मी इतकं कौतुक करत सुटलो होतो की ऐकून दोघांनी तो घेतलासुद्धा. त्यांच्यासमोर जायला आता जरा लाजच वाटते.

टर्बो डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक, मागे सामानासकट १,८०० किलोचा कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर. रिकामी गाडी मजेत पळायची, ट्रेलर जोडला की चढावर धापा टाकायची. इंजिनच कमी पडतंय असं मी ठरवून टाकलं आणि बॉक्स मागवला. बसवायला वीस मिनिटं लागली. कॉमन रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब आहे त्यापेक्षा कमी आहे असं तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, ईसीयू बिचारा दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. म्हणजे उपाशी असल्याचं सोंग करून दोनदा वाढून घ्यायचं. पण काम झकास! जिथे दुसऱ्या गिअरवर यायची तिथे तिसऱ्यात चढली.

पाचव्या महिन्यात एका लांब चढाच्या मध्यावर पिवळा दिवा लागला, ताकद गेली, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला स्वतःच ताकद कमी करून लंगडत. मागे काळा धूर. आणि टेंपरेचरचा काटा? मधोमध. ढिम्म.

या काट्यावर माझा राग आहे तो आहे. घरी आल्यावर ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र, लावून बघितलं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ८८ अंश असो की १०४, काटा तिथेच. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच असा ठेवतात, जरा हलला की लोक घाबरून वर्कशॉपला येतात म्हणून. मग तो द्यायचाच कशाला? तिथे फुलाचं चित्र लावलं असतं तरी चाललं असतं. गिअरबॉक्सच्या ऑइलला तर काटाच नाही, आणि तिथे रीडरवर चढावर १२२ अंश दिसले. वजन ओढताना आधी शिजतो तो गिअरबॉक्स. हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, आत नुसतं ऑइल घुसळलं जातं आणि तापतं.

सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी बॉनेट उघडायचं, बॉक्सकडे बोट दाखवायचं, ‘वॉरंटी विसरा’ म्हणायचं, बॉनेट बंद. शेवटी चिडून तिथेच बॉक्स उपटला. धूर तसाच! ‘आता?’ म्हटलं, तर ‘काही दिवस चालवून बघा.’

बघितलं. गाडीखाली आडवं पडून, टॉर्च घेऊन. इंटरकूलरकडून (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) येणाऱ्या रबरी होजच्या वळणावर खालच्या बाजूला तेलकट डाग होता, त्यावर धूळ बसून काळा लेप झालेला. वरून होज धडधाकट. वळण दोन्ही हातांनी दाबलं तर बोटभर चीर ओठांसारखी उघडली. सोडलं, मिटली. इंजिन आयडलिंगला असताना ती दिसणारच नाही, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, आला की फुगून उघडणार. मोजून आत घेतलेली हवा अर्ध्या वाटेतून बाहेर, डिझेल मात्र पूर्ण हिशोबाने. धूर येणार नाही तर काय! चढावर एक बारीक शिट्टी ऐकू यायची, ती मी टर्बोचा आवाज म्हणून कौतुकाने ऐकत होतो.

नवा होज, दोन क्लॅम्प, आणि हात काळे झालेच होते म्हणून नवा एअर फिल्टर. बॉक्स न लावता त्याच चढावर गेलो. तिसरा गिअर, आरामात. म्हणजे माझं इंजिन कधी कमी नव्हतंच. बॉक्सच्या पैशांत असे होज किती आले असते हा हिशोब मी एकदा केला, पुन्हा करणार नाही.

तरी वस्तू विकत घेतलेली, जीव राहवेना. सगळ्यात खालच्या सेटिंगवर पुन्हा लावला. ताकद वाढते हे खरं, पण कूलंट दहा मिनिटांत आठ अंशांनी वर. जास्त डिझेल जळलं की उष्णताही जास्त, रेडिएटर मात्र तेवढाच. काढला.

त्याऐवजी गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर बसवला, हे खरं कामाचं निघालं. टो मोड (वजन ओढण्यासाठीचं गिअरबॉक्सचं सेटिंग) चालू, चढाआधीच गिअर हाताने खाली. आता ऑइल शंभरच्या आत राहतं. निघताना कॅम्परची पाण्याची टाकी रिकामी ठेवतो, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. आणि वेग ८०. कॅम्पर म्हणजे चाकांवरची भिंत. १००च्या जागी ८० धरला की हवा कापायला लागणारी ताकद जवळपास निम्मी होते. सुरुवातीला ट्रक ओव्हरटेक करून जायचे तेव्हा अपमान वाटायचा.

बॉक्स खणात पडून आहे. तो घेतलेल्या दोघांपैकी एकाला काल फोन करून सांगितलं, बाबा, तुझा होज एकदा दाबून बघ. म्हणाला, ‘कशाला? काटा तर मधोमध आहे.’