ट्रेलरच्या टायरला टीपीएमएस: ॲरिझोनातल्या उन्हाळ्यानंतर

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर, दोन ॲक्सलचा. टीपीएमएस म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा. तिचे टोपणासारखे सेन्सर चारही व्हॉल्व्हवर लावून अख्खा उन्हाळा गेला, आता थंडीही सरत आली. पैसे वसूल झाले का? दोन ॲक्सलच्या ट्रेलरसाठी माझं उत्तर ठाम हो. गावातल्या गावात कचरा-फर्निचर वाहणाऱ्या एका ॲक्सलच्या गाड्याला नसलं तरी चालेल.

दोन ॲक्सल असले की एक टायर बसला तरी शेजारचा भार पेलत राहतो आणि पुढे पिकअपमध्ये पत्ताच लागत नाही. त्या जादा भाराने शेजारचा तापतो. तो फुटला की फडफडणारं रबर खालची वायरिंग, कधी गॅसची नळीसुद्धा ओरबाडून काढतं. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून कार-पिकअपना टीपीएमएस सक्तीचं आहे, पण ट्रेलर त्या नियमात येत नाही. शिवाय कार-पिकअपमधला इशाऱ्याचा दिवा लागतो हवा पंचवीस टक्के उतरल्यावर.

टायर थंड असताना आमच्या हवेचा दाब ६५ पीएसआय (दाबाचं एकक). दुपारी फिनिक्सहून निघालं की आकडा पंच्याहत्तरीला टेकतो. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण हे ठीकच आहे. हवा सोडू नका. उन्हाकडच्या बाजूचे टायर दोन-तीन पीएसआय वरच दिसतात. म्हणून मी आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघतो. खालचा अलार्म ५८ ला, वरचा ८० ला.

आय-१७ महामार्गाने डोंगरातल्या फ्लॅगस्टाफ गावाला चढताना एक गंमत दिसते. तिथे सात हजार फुटांवर सकाळी गारठा असतो, त्यामुळे हवा पाचेक पीएसआय उतरायला हवी. पण बाहेरचा वातावरणाचा दाबही तिथे कमी, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीनच उतरते.

खरी कसोटी त्याच रस्त्यावर कॅम्प व्हर्डी गावाच्या अलीकडे लागली. डाव्या मागच्या टायरचा आकडा बाकीच्या तिघांपेक्षा हळूहळू खाली येऊ लागला. अलार्म वाजायच्या आतच महामार्गावरून बाहेर पडलो, तर ट्रेडमध्ये (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थरात) स्क्रू. गाडी चालवताना काडीचाही फरक जाणवला नव्हता.

तापमानाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकाला, वाऱ्यात. टायरच्या आतली धग त्याला नीट कळत नाही. एकच चाक बाकीच्यांपेक्षा सतत गरम दिसलं, तर ब्रेक घासतोय का, बेअरिंग गेलं का, हे उतरून बघावं, इतपत उपयोग. आणि हवा शाबूत असताना ट्रेड सुटू लागला तर हे यंत्र गप्पच बसतं. त्यासाठी टायरचं वय सांगणारा त्यावरचा चार आकडी कोड वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा.

कटकटी आहेतच. रिपीटरशिवाय (सिग्नल पुढे पोचवणाऱ्या डबीशिवाय) मागच्या चाकांचा सिग्नल सारखा तुटायचा, तेव्हा तो सोबतच घ्या. रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे बसवून घ्या, सेन्सरच्या वजनाने रबर हलत राहतं. हवा भरायची तर दर वेळी सेन्सर उघडा. न उघडता हवा आरपार जाऊ देणारे सेन्सर मिळतात, पण ते अजून जड. सेल बटणाचे आहेत, ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर सेन्सर काढून ठेवतो.

पिकअपच्या चाकांना वेगळे लावले नाहीत. तिथे कंपनीचे आहेत तेवढे पुरतात.