आधी खरेदीखत, मग चेक: हवेलीतली आमची 90 गुंठे अशी गेली

पुण्याच्या रिंगरोडच्या पट्ट्यात ज्यांची जमीन आहे आणि दारात एजंट उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या भावकीची बागायत 2 एकर 10 गुंठे. गुंठ्याला 3,50,000 प्रमाणे सौदा ठरला 3,15,00,000 चा. विसार 31,50,000, तो वटला. बाकीचे सहा चेक, प्रत्येकी 47,25,000 चे, पुढच्या तारखांचे. पहिला वटला, पाच परत आले. 2,36,25,000 बुडाले आणि सातबाऱ्यावर नाव मात्र खरेदीदाराचं लागलं.

पुढच्या तारखांचे चेक सगळा तालुका घेतो. घात मसुद्यात होता. बोलणं साठेखताचं, म्हणजे पुढे विकण्याच्या कराराचं; नोंदणीला ठेवलं खरेदीखत, म्हणजे विक्री झाल्याचाच दस्त. आत सहाही चेकचे नंबर आणि तारखा, आणि लगेच खाली, ‘संपूर्ण मोबदला भरून पावला, तक्रार नाही, प्रत्यक्ष ताबा दिला.’ चेक चार महिन्यांनी वटणार आणि मोबदला आजच पावला! एकाच पानावर दोन्ही, तिथेच उठायला हवं होतं. पण मागे रांग, पुढे अंगठ्याचं मशीन, वकील खरेदीदाराचा. पानं चाळू देतंय कोण? फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या, नोटिशीवरही त्याच गठ्ठ्यात सह्या उरकून घेतल्या. म्हणजे हरकतीचे 15 दिवसही गेले.

पैसे बुडाले म्हणून खरेदीखत आपोआप रद्द होत नाही. सुरतच्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हेच सांगितलं. 1,73,62,000 चे चेक खोटे निघाल्याची तक्रार होती, तरी दस्त कायम राहिला. दावाही मुदतीबाहेर ठरला. मुदत तीन वर्षांची. त्यामुळे आधी आरटीजीएस खात्यात, मग सही.

दुय्यम निबंधक म्हणतात, आम्ही फक्त नोंदणी करतो, पैसे मोजत नाही. तलाठी म्हणतात, नोंदणीकृत दस्त आहे, नोंद धरावीच लागते. मंडळ अधिकारी प्रांताकडे अपिलात जायला सांगतात. पोलीस ठाण्यात तर ‘दिवाणी बाब आहे’ याचा शिक्काच करून ठेवलाय. शेतकऱ्याने एक हप्ता थकवला की हीच यंत्रणा घर शोधत येते! कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेती घेता येत नाही, म्हणून बिल्डरने नावाला एक शेतकरी पुढे केलेला. तोही कुणाला दिसत नाही.

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाला की 30 दिवसांत नोटीस, मग 15 दिवसांची वाट, त्यानंतर महिन्याच्या आत चेक न वटल्याची कलम 138 खाली कोर्टात तक्रार. पाच चेक म्हणजे पाच वेगळ्या मुदती. दावा लावला की लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवा, नाहीतर खरेदीदार पुढे प्लॉट विकत सुटतो. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा उतारा, अधूनमधून काढत राहा. जुने सातबारे जपा. उद्या दुसरीकडे शेत घ्यायचं तर शेतकरी असल्याचा पुरावा तेच.

काळ्या मातीवर आता मुरूम पडलाय. कुंपण घालताना पाट बुजवला, म्हणून खालच्या तिघांचा ऊसही वाळतोय. त्यांनी तरी मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावावा. पाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.